घरात आणलेला समुद्र

काल संध्याकाळी ब्लेडने खरवडून लख्ख केलेली काच आज सकाळी पुन्हा हिरवी. जानकीबाई राऊळ कमरेवर हात ठेवून पेटीसमोर उभ्या राहिल्या आणि नळावर नंबर मोडून घुसणाऱ्या बाईकडे बघावं तसं त्यांनी त्या शेवाळाकडे बघितलं.

"बेशरम मेलं," त्या म्हणाल्या. "रोज सोलून काढते, रोज उगवतं. ह्याला आईबाप आहेत की नाहीत?"

"आहेत ना. उजेड आई आणि जास्तीचं खाणं बाप," वेणी घालता घालता सुहासिनी आतून म्हणाली. "आई, काल तू माशांना खायला घातलंस?"

"मी? मी कशाला घालू?"

घातलं होतं. चिमूटभर नव्हे, मूठभर. सुहासिनीचा नियम होता दिवसाआड करंदीचे, म्हणजे छोट्या कोळंबीचे, चार तुकडे, तेही धुऊन, बारीक चिरून. जानकीबाईंना तो नियमच पटत नव्हता. घरात राहायला आलेल्याला दिवसाआड जेवू घालायचं, ही कुठली रीत? वेंगुर्ल्याला त्यांच्या माहेरी दारातल्या कुत्र्यालासुद्धा दोन वेळा भात मिळायचा. म्हणून लेक कॉलेजला गेली की त्या हळूच झाकण उचलायच्या. "खा रे बाबांनो, ती येईपर्यंत खाऊन घ्या." मासे खात. उरलेलं तळाला कुजे. आणि शेवाळ जावयासारखं फुगत जाई.

पेटी तीन फूट लांब होती. लोखंडी अँगलची चौकट, खारं पाणी लोखंड खाऊ नये म्हणून तिला डांबर फासलेलं. आत वेसाव्याहून आणलेलं समुद्राचं पाणी, वाळू, दोन कातळाचे तुकडे. बोटाएवढे सहा मासे, कोळंबीची एक जोडी, शेवाळ खातील म्हणून खडकावरून वेचून आणलेल्या शंखांच्या डझनभर गोगलगाई आणि मधल्या कातळाला चिकटलेलं एक समुद्रफूल. तळव्याएवढं, जांभळट, शंभर बोटांचं. ते जनावर आहे हे जानकीबाईंना पटायला महिना गेला होता. हवेसाठी पेटीखाली मोटारची जुनी ट्यूब. सायकलच्या पंपाने ती फुगवायची, मग बारीक रबरी नळीतून बुडबुडे सुटत. ट्यूब बसली की पुन्हा पंप. दिवसभर ते काम जानकीबाईंचं. मासे खाऊन वाढलेल्या ह्या घरात मासे नुसते बघायला ठेवलेत आणि म्हातारी त्यांना वारा घालते, म्हणून अंधेरीची ती सगळी आळी हसायची.

हसू दे. सुहासिनी कॉलेजात हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होती, तीन वर्षं हंगामीच. आता कॉलेज समुद्री जिवांची वेगळी प्रयोगशाळा काढणार होतं आणि तिथे एक कायमची जागा होती. त्या जागेवर मद्रासला शिकून आलेल्या एका गृहस्थाचाही डोळा होता. विभागाचे प्रोफेसर वर्दे सुहासिनीला म्हणाले होते, "बाई, काचेत समुद्र ठेवणं म्हणजे शेवाळाशी संसार करणं. तीन महिने घरी पेटी सांभाळून दाखवा. आतले जीव जगले पाहिजेत आणि आतलं दिसलं पाहिजे. मी स्वतः बघायला येईन, आणि मग कुणाचं नाव पाठवायचं ते ठरवीन."

ते तीन महिने येत्या सोमवारी भरत होते. जानकीबाई दुसरी इयत्ता शिकलेल्या, तीही अर्धी. नवरा गिरणीत जॉबर होता, तो गेल्यावर लोकांच्या घरचे मसाले कुटून त्यांनी ही पोर बी. एस्सी. केली होती. आणि परळपासून दहिसरपर्यंतच्या सगळ्या भावकीला सांगून ठेवलं होतं की आमची सुहास प्रोफेसर झाली. झाली, होणार नव्हे. आता ते शब्द गळ्यात हाडकासारखे अडकले होते.

त्यांना बसवत नव्हतं. पश्चिमेच्या खिडकीला गोणपाट लावला, तरी फटीतून ऊन येतं म्हणून त्यावर जुनं लुगडं. काच घासायची, ट्यूब फुगवायची, पुन्हा येऊन काचेला नाक लावायचं. शेजारची कुंदा दारातून म्हणाली, "जानकीकाकू, एवढ्या येरझाऱ्या घालून चालत वेसाव्याला पोचला असतात."

"तू आधी तुझ्या दारातला कचरा काढ गो. मग माझी पावलं मोज."

बुधवारी त्यांच्या हातून एक गोष्ट झाली. आणलेलं पाणी आठवडाभर अंधारात ठेवायचं, म्हणजे गाळ बसतो, आणि मगच पेटीत घालायचं, ही सुहासिनीची पद्धत. त्यासाठी मोरीशेजारच्या कोपऱ्यात ॲसिडच्या रिकाम्या, धुऊन घेतलेल्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या होत्या, गवताच्या टोपल्यांत बसवलेल्या. झाडताना जानकीबाईंच्या केरसुणीची मूठ एका बरणीला लागली. नुसती टक्कन लागली. तळाशी केसाएवढी रेघ गेली आणि टोपली ओली व्हायला लागली.

सोमवारवर आलेली परीक्षा, नि हातचं पाणी जमिनीत चाललेलं! त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बादल्या कपड्यांनी अडलेल्या. फळीवर मात्र त्यांच्या लग्नातला तांब्याचा हंडा होता. माघी गणपतीसाठी दोनच दिवसांपूर्वी चिंचेने घासून सोन्यासारखा केलेला. त्यांनी बरणी सगळी हंड्यात ओतली आणि वर ओलं फडकं बांधलं. तांब्यातलं पाणी तर औषध. त्यांची आई रोज पहाटे तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायची आणि नव्वदीला टेकून गेली. फुटकी बरणी त्यांनी पोटमाळ्यावर टाकली आणि सुहासिनीला काही बोलल्या नाहीत. पोरीसमोर "माझ्या हातून फुटलं" म्हणायची सवय त्यांच्या जिभेला नव्हती.

गुरुवारी रात्री जेवताना सुहासिनी म्हणाली, "उद्या पाव हिस्सा पाणी बदलायला हवं. मला सहापर्यंत प्रॅक्टिकलं आहेत. आई, तू करशील? नळीने जुनं काढायचं, तेवढंच नवं हळूहळू घालायचं."

आजवर तिने आईला पंप मारायला सांगितलं होतं, काच घासायला सांगितलं होतं. पाण्याला हात लावू दिला नव्हता. जानकीबाईंनी आमटीचा भुरका मारला. "करते की. त्यात काय अक्कल लागते?" पण झोपताना त्या मनाशीच दोनदा म्हणाल्या: हळूहळू, हळूहळू.

शुक्रवारी त्यांनी तसंच केलं. तीन बादल्या पाणी काढलं आणि तीन बादल्या घातलं, दोन तास खपून. चांगल्या बरणीतलं नाही घातलं, हंड्यातलं घातलं. चांगल्यात चांगलं.

शनिवारी सकाळी शेवाळ पांढुरकं पडलं होतं. दुपारी ते काचेवरून आपसूक सुटलं, पाण्यात पडलेल्या लसणीच्या सालांसारखं तरंगायला लागलं. संध्याकाळी पेटी अशी दिसत होती की पलीकडच्या भिंतीवरची खिळ्याची भोकं मोजावीत.

सुहासिनी चपला न काढताच आत आली. "आई! हे कसं झालं?"

"हात आहे हात," जानकीबाई म्हणाल्या. "तुझ्या पुस्तकात नसतो तो." आणि लगेच कुंदाला हाक मारली, मागच्या खोलीतल्या भाडेकरणीला बोलावलं, सगळ्यांना काच दाखवली. कुंदा म्हणाली, "झकास! काकू, आता आमच्या मोरीलाही तुमचा हात फिरवा." त्याही टोमण्याचं त्यांना काही वाटलं नाही, एवढ्या त्या खूश होत्या.

एकटी सुहासिनी मात्र वाकून आत बघत होती. समुद्रफुलाने बोटं आत ओढून घेतली होती. मुठीसारखं मिटलं होतं ते. "पाणी नवं लागलं असेल," ती म्हणाली, पण तिचा हात काचेवरून निघाला नाही.

रविवारी उजाडता उजाडता तिनेच हाक मारली. "आई, इकडे ये."

गोगलगाई तळाला पडल्या होत्या. बाराच्या बारा, तोंडं वर करून. एक कोळंबी आडवी, पाय थरथरत होते. दुसरीचे तेही नाही. समुद्रफूल कातळावरून सैल सुटून कापसाच्या ओल्या बोळ्यासारखं लोंबत होतं. मासे मात्र फिरत होते, भिरभिरल्यासारखे, कोपऱ्याकोपऱ्यात नाक खुपसत.

"काहीतरी विषारी गेलं आत," सुहासिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. ती घाबरली की असाच व्हायचा, अगदी बापासारखा. "शुक्रवारचं पाणी उरलंय ना? आण बघू. वास घेते, चव बघते. नसेल तसं काही तर तेच अजून घालू."

जानकीबाई मोरीकडे गेल्या. हंड्यात तळाशी अर्धी बादली उरली होती. त्यांनी फडकं सोडलं आणि आत बघितलं.

पाण्याच्या रेघेवर हंड्याला आतून हिरवानिळा कळक चढला होता. मोरपिसाचा रंग. तो रंग त्यांना कुणी सांगायला नको होता. मीठ, चिंच, ताक, आमसूल तांब्यापितळेत ठेवायचं नाही, कल्हई असल्याशिवाय तर नाहीच नाही; कळकलेलं खाल्लं की माणूस ओकून आडवा होतो. हे त्यांनी आळीतल्या प्रत्येक नव्या नवरीला शिव्या घालून शिकवलं होतं. कुंदाने एकदा पितळीत सोलकढी ठेवली, तर त्यांनी ती तिच्यादेखत गटारात ओतली होती. आणि आज? समुद्राचं पाणी त्यांनी पाणी म्हणून ठेवलं. ते मीठ आहे हे डोक्यातच आलं नाही! कोकणात जन्मलेली बाई, आणि समुद्र खारा असतो हे विसरली.

"आई, आणतेस ना?"

जानकीबाईंनी हंडा कलता केला. पाणी मोरीत गेलं.

"सांडलं गो," त्या म्हणाल्या. "हातातनं निसटलं."

सुहासिनी पुन्हा पेटीकडे वळली. ट्यूब तपासली, नळी हुंगली, मग वही काढून बसली. जानकीबाईंनी चूल पेटवली, विझवली. तांदूळ निवडले, निवडलेलेच पुन्हा निवडले. बाहेरच्या खोलीतून ऐकू येत होतं, पोरगी स्वतःशीच बोलत होती. भरतीचं पाणी नव्हतं का ते? नाल्याचं आलं असेल? मीच चुकीच्या जागी भरलं. मीच.

हे 'मीच' त्यांना सोसेना. पण तोंडही उघडेना. त्या दारापर्यंत जात आणि परत येत. नवऱ्याशी भांडताना त्या कधी हरल्या नव्हत्या, मुकादमाशी नाही, घरमालकाशी नाही. हरायचं कसं असतं तेच ठाऊक नाही, तर सुरुवात कुठून करायची?

"मी आज अजून पाव हिस्सा बदलते," सुहासिनी बाहेरून म्हणाली. "दुसऱ्या बरणीतलं. आणि उद्या सकाळपर्यंत बघते..."

"पावाने नाही भागायचं."

"काय?"

जानकीबाई दारात उभ्या होत्या, हातात सूप तसंच. "सगळं पाणी काढ. तांबं आहे त्यात. बुधवारी बरणी फोडली मी. पाणी हंड्यात ठेवलं. तेच शुक्रवारी घातलं. कळकलं ते. आत्ता सांडलं नाही, मी ओतलं." एवढं बोलून त्यांना वाटलं संपलं, पण जीभ एकदा सुटली ती थांबेना. "आणि खायला घालते मी त्यांना. रोज. मूठभर."

सुहासिनीने हातातली वही खाली ठेवली.

"तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने मी शेवाळ खरवडतेय, आणि तू त्याला जेवू घालतेयस."

"घालत होते."

"आणि सकाळी? मी विचारलं तेव्हाच का नाही बोललीस? दोन तास गेले, आई! दोन तास!"

"शिव्या नंतर घाल. जीव आहेत ते आधी बाहेर काढ."

बोलण्यात अजून तोच हुकूम होता. सुहासिनी उठली. चांगल्या बरणीतलं पाणी एनॅमलच्या परातीत ओतून तिने मासे, ती एक थरथरती कोळंबी आणि समुद्रफूल त्यात सोडलं. पेटी रिकामी केली, वाळूसुद्धा काढून टाकली. "वाळूतही तांबं बसतं," एवढंच म्हणाली. आईशी नव्हे, वाळूशी.

भरती दुपारी साडेतीनची होती. जानकीबाईंनी आळीत फिरून तांब्यापितळेची सोडून सगळी भांडी गोळा केली. कुंदाची एनॅमलची बादली मागताना ती विचारणारच होती, तर ह्याच म्हणाल्या, "कळकवलं मी. तुझ्या सोलकढीसारखं. दे आता." कुंदाने टोमणा न मारता बादली स्वतःच विसळून दिली. कुंभाराकडून सहा नवी मडकी घेतली. टांग्यात ती सगळी उतरंड घेऊन मायलेकी वेसाव्याला पोचल्या.

किनाऱ्यावर शेवंती कोळीण जाळं विणत बसली होती. अंधेरीच्या बाजारात जानकीबाई तिच्याशी वर्षानुवर्षं भावावरून भांडत आलेल्या. "आज काय गो बाय, मडकी घेऊन? मावरा नको, पानीच पायजे? नुसतं पानी रांधशील काय?"

"तुझा नवरा होडी काढील काय ते सांग. आतलं, स्वच्छ पाणी पाहिजे. काठाचं नको."

"धाकू निजलाय."

"उठव. म्हणावं जानकीबाई हात जोडते."

शेवंतीचा हात जाळ्यावरच थांबला. ही बाई हात जोडते! तिने काही न विचारता धाकूला हाक मारली. होडीतून दोन खेपा झाल्या. परतताना टांगा खडबडला की मडक्यातलं पाणी जानकीबाईंच्या लुगड्यावर सांडे. त्यांनी दोन्ही हातांनी तोंडं दाबून धरली होती, पोरांची तोंडं दाबावी तशी. अंधेरी येईपर्यंत त्यांनी एकही हात काढला नाही.

सोमवारी साडेपाचला प्रोफेसर वर्दे आले. बारीक, टोपी घातलेले गृहस्थ. चहा बाजूला ठेवून ते थेट पेटीसमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. सुहासिनी भिंतीला टेकून उभी होती. रात्रभर न झोपलेले डोळे.

"कमाल आहे," वर्दे म्हणाले. "शेवाळाचा मागमूस नाही! मी मत्स्यालयातही एवढी स्वच्छ काच बघितली नाही. फूल मिटलंय, माणसं बघून मिटत असेल. काय केलंत हो बाई? मला सांगा, मी उद्याच आमच्या मोठ्या हौदात करतो."

जानकीबाईंनी लेकीकडे बघितलं. लेक जमिनीकडे बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले, आणि त्या मिटलेल्या ओठांत तीन वर्षांचं हंगामी, मद्रासचा तो गृहस्थ, भावकीतली सगळी तोंडं, सगळं होतं. एक क्षण जानकीबाईंनाही वाटलं, गप्प राहावं. काच तर स्वच्छ आहे ना? मग? पण हा भला माणूस उद्या जाऊन हौदातले जीव मारील.

"तसलं काही करू नका," त्या म्हणाल्या. "तांब्याच्या हंड्यातलं पाणी घातलं मी. शेवाळ मेलं, आणि गोगलगाईही मेल्या. पोरीला ठाऊक नव्हतं. काल सगळं पाणी बदललं. फूल माणसं बघून नाही मिटलेलं."

वर्दे सावकाश उठले. गुडघे झटकले. सुहासिनी म्हणाली, "मीच सांगणार होते, सर." मग थांबून, "नाही. बहुतेक नव्हते सांगणार."

वर्द्यांनी चहा उचलला. तो निवला होता, तरी प्यायले. पाणी किती होतं, हंड्यात किती दिवस होतं, आधी काय मेलं, मासे कसे वागले, असं एकेक विचारत गेले, आणि सुहासिनी वहीत न बघता सांगत गेली. शेवटी ते म्हणाले, "आज मी हो म्हणू शकत नाही. पण मद्रासवाल्यांचं नावही आज पाठवत नाही. तांबं खरंच गेलं का, ते मला कुठल्याही यंत्राने इथे बसून सांगता यायचं नाही. ते शेवाळच सांगेल. काचेवर पुन्हा हिरवं धरलं आणि फूल उघडलं, तर पाणी निर्धोक. मला पत्र टाका, मी येईन. महिनाभर वाट बघतो."

दारात जाताना ते जानकीबाईंकडे वळले. "आणि बाई, खायला कोण घालतं?"

"आजपासून ती," जानकीबाई म्हणाल्या. "दिवसाआड. मला ते पटत नाही, पण ती."

मग ते दिवस सुरू झाले. तीन महिने जे खरवडून काढलं, त्याचीच आता वाट बघायची. खिडकीवरचं लुगडं काढलं, गोणपाट अर्धा वर गुंडाळला. जानकीबाई सकाळी उठल्या की आधी काचेजवळ. काही नाही. दुपारी, काही नाही. करंदीची वाटी फळीवर दिसली की हात शिवशिवे. त्या पदराला गाठ मारून ठेवत. सुहासिनी कामापुरतं बोलत होती: ट्यूब फुगव, पाणी घेऊन आले, भात झाला का. नवव्या दिवशी समुद्रफुलाने चार बोटं बाहेर काढली आणि आत घेतली. कोळंबी जगली. काच मात्र तशीच स्वच्छ, निर्लज्ज स्वच्छ. कुंदा म्हणाली, "काकू, देवळात नवस करतात मुलासाठी. तुम्ही शेवाळासाठी करा." जानकीबाई म्हणाल्या, "केलाय."

एकविसाव्या दिवशी त्यांना खालच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं. रुपयाएवढं. त्यांनी पदराने बाहेरून पुसलं. गेलं नाही. डोळे जवळ आणले तसं ते धुराच्या डागासारखं, मग हिरवट, मग नक्की हिरवं. त्यांनी बोटाच्या नखाने टकटक केलं, जणू आतून कुणी दार उघडणार होतं.

"सुहास!" त्या ओरडल्या. "सुहास गो! लवकर ये!"

सुहासिनी ओल्या हाताने धावत आली, गुडघ्यांवर बसली, कोपऱ्याला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. वर कातळावर समुद्रफूल पाण्यात सैल पसरलं होतं, सगळी नाही, पण निम्मीअधिक बोटं उघडून.

"आहे ना?" जानकीबाईंनी विचारलं. त्यांना दम लागला होता. "माझे डोळे म्हातारे. तू सांग."

"आहे."

"मग बसलीस काय? पत्र लिही त्यांना. आणि ब्लेडला हात लावू नकोस हां, ते येऊन बघेपर्यंत. मी सांगून ठेवते!"

"बरं," सुहासिनी म्हणाली, आणि दौत घ्यायला उठली. "तू इथेच बस, आई. वाकून वाकून कंबर धरेल. पाट घे खाली."